दांड्यावरची टोपी

उद्यमनगरातून फोन आला तेव्हा संयोगिता शिंगेचा डबा अर्धाच खाऊन झाला होता. जोतीराम मेस्त्री करंट लागून गेले. वर्कशॉपातच. पोलिसांनी विद्युत निरीक्षकांना तातडीनं बोलावलं होतं.

करंटनं माणूस गेला की तिला जावं लागे, नोकरीच ती. अकरा वर्षांत तिनं असे साठ-सत्तर अहवाल लिहिले होते आणि बहुतेकांच्या शेवटी एकच वाक्य होतं, 'मयताचा स्वतःचा निष्काळजीपणा'. मेलेला माणूस हरकत घेत नाही, त्यामुळे हे वाक्य सगळ्यांच्याच सोयीचं. तिच्याही सोयीचं होतं, आणि अलीकडे तिला त्याची लाज वाटायला लागली होती.

मेस्त्रींना ती ओळखून होती. सातवी शिकलेला माणूस. सोलर पॅनेलचा करंट पंपाला चालेल असा करून देणारा बॉक्स त्यांनी बनवला होता. ढग आला की इतरांचे पंप बंद पडत. मेस्त्रींचा पंप हळू होई, पण थांबत नसे. उन्हात जेवढा जोर असेल तेवढंच काम तो बॉक्स मोटरीला करायला लावी. त्याच्या पेटंटचा अर्ज झालाय, हेही तिच्या कानावर होतं. हे कसं जमवलं ते बघायला पदवीवाले येत आणि चहा पिऊन डोकं खाजवत परत जात.

वर्कशॉपात मेस्त्री उघड्या बॉक्ससमोर उताणे पडले होते. दोन्ही तळहातांवर काळे डाग. डोक्यावर पांढरी गांधी टोपी, नीट बसवलेली.

"सरळ केस हाय, मॅडम," हवालदार म्हणाला. "पॅनेल गच्चीवर, बॉक्स हितं, मधला स्विच जिन्याच्या वळणावर. म्हातारा स्विच पाडून बंद करायला इसरला. लिहून टाका, बॉडी हलवू."

संयोगितानं टोपी उचलली. लेथखाली लोखंडाचा कीस सांडलेला होता आणि मेस्त्रींचं डोकं नेमकं त्यातच आपटलं होतं. टाळूपर्यंत केसांत कीस भरला होता. तिनं टोपी होती तशी ठेवली.

मग बॉक्स पाहिला. पॅनेलकडून येणाऱ्या दोन्ही वायरी सोडवलेल्या. जुनी टोकं कापून, सोलून, दोन्हींच्या टोकांवर तांब्याची टोपणं, नवे थिंबल, दाबलेले. बॉक्सच्या दोन्ही स्क्रूंवर आणि पान्यावर ठिणगीचा एकही डाग नव्हता. शेजारी चाचणीची मोटर अजून जोडलेली होती.

जिन्यावरचा स्विचही तिनं पाहिला. तेलाच्या काजळीनं काळाकुट्ट. त्याच्या दांड्यावर मात्र चार बोटं रुंदीचा पट्टा पुसून पुसून चकचकीत झाला होता.

प्रेत आधी पाहिलं ते धैर्यशीलनं. बॉक्स विकणारी कंपनी त्याची. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम.

"किती वाजता आलात?"

"बाराला. हाक मारली, उत्तर नाही. आत आलो तर हे असे. स्विच चालू होता. तो पाडला आणि मगच जवळ गेलो."

"टोपी?"

"डोक्यावरच होती. का हो?"

"बॉक्सच्या पेटंटचा अर्ज कुणाच्या नावानं आहे?"

"कंपनीच्या. शोधक म्हणून आदर्शचं नाव आहे. इथलाच कारागीर."

"मेस्त्रींचं नाही?"

"डिझाइन आपलं आहे असं आदर्श म्हणाला. मी खोलात गेलो नाही."

खोलात जायला त्याचं काय अडलं होतं, असं संयोगिताच्या जिभेवर आलं. तिनं ते गिळलं.

मेस्त्रींची बायको चिमणाबाई उंबऱ्याशी बसली होती. रडून झालं होतं. छातीशी एक चिकटवलेलं पाकीट धरलं होतं.

"हे काय, मावशी?"

"उद्या मुंबईला जायाचं हुतं त्यास्नी. पेटंटच्या हापिसात ह्यांनी हरकत घेतली हुती, त्येची सुनावणी हाय. ह्यातला कागद थितं द्यायचा हुता." तिनं वर पाहिलं. "बाईसाहेब, तेवढं इसरलं म्हनून लिहू नगासा. मानूस जातोय, त्येला काय करनार. पर चाळीस वर्सं ह्यो मानूस स्विच इसरला न्हाय. आता उद्यमनगर हसंल, मेस्त्री स्विच इसरून मेला म्हनून."

"विसरत नव्हते कशावरून?"

"टोपी असायची की दांड्याला."

"कसली टोपी?"

"स्विच पाडला की डोसक्यावरची टोपी दांड्याला आडकवायची. मानसाचा हात मशिनीत हाय, कुनी हात लावू नगासा, आसं. मामंजींपास्नं चालत आलंय. टोपी काढल्याबिगर दांडा हातात येतच न्हाय."

संयोगिता उठून जिन्यावरचा तो चकचकीत पट्टा पुन्हा बघून आली.

आदर्श एकच्या सुमाराला आला. पस्तिशीचा, मेस्त्रींच्या हाताखाली अकरा वर्षं काढलेला. डोळे सुजलेले होते, आणि ती सूज खोटी वाटत नव्हती.

"सकाळपासून कुठं होता?"

"बिद्रीला गेलतो. विठाबाईंच्या मळ्यातला बॉक्स गरम व्हतोय म्हनून. उघडून पंखा बदलला."

"किती वेळ लागला?"

"आर्धा तास. अकरा ते साडेअकरा."

"पंप बंद ठेवून?"

"बंद केल्याबिगर कसा उघडायचा, मॅडम?"

"काम करताना मेस्त्री टोपी कुठं ठेवायचे?"

"डोक्यावरच. कुटं ठेवनार?"

प्रेत पोस्टमॉर्टेमला गेलं. आजवर बसवलेल्या पंपांची यादी भिंतीवर खडूनं लिहिलेली होती, नावं आणि फोन नंबर. संयोगितानं बिद्रीचा नंबर लावला, दोन मिनिटं बोलली आणि आत येऊन सगळ्यांना बसायला सांगितलं. हवालदार मात्र दारातच उभा राहिला.

"मेस्त्री विसरले नव्हते," ती म्हणाली. "मोटर जोडलेली आहे, स्विच चालू असता तर ती फिरत असती, आणि तशात त्यांनी वायर सोडवली असती तर ठिणगी पडली असती. पॅनेलच्या करंटची ठिणगी विझत नाही, तांबं वितळवते. इथं स्क्रू नव्यासारखे आहेत. वायरी कापल्या, सोलल्या, थिंबल दाबले, चांगलं दहा मिनिटांचं काम. तेवढा वेळ वायरींत करंट नव्हता. म्हणजे स्विच पाडलेला होता. दोन्ही टोकं दोन हातांत होती तेव्हा तो कुणीतरी चढवून चालू केला. स्विच जिन्यावर, मेस्त्री इथं. स्वतः चढवायला त्यांचा हात तिथवर पोचत नाही."

"चुकून चढवला असंल कुनीतरी," हवालदार म्हणाला.

"दांड्यावर टोपी होती. पट्टा बघा, तिथली काजळी वर्षानुवर्षं टोपीनं पुसलीय. टोपी काढल्याशिवाय स्विच चढत नाही. टोपी काढणाऱ्याला आत माणूस आहे हे माहीत होतं."

"पण टोपी तर डोक्यावर होती," धैर्यशील म्हणाला.

"पडताना नव्हती. टोपीखाली टाळूभर कीस आहे. ते पडल्यानंतर कुणीतरी ती त्यांच्या डोक्यावर घातली. धैर्यशील, तुम्ही असता तर टोपी कुठंही फेकली असती. तुम्हाला त्या टोपीचा अर्थच माहीत नाही. हे करणारा माणूस इथं वाढलेला आहे. मेस्त्रींना उघड्या डोक्यानं पडलेलं त्याला बघवलं नाही. तेवढंच करून तो थांबला असता तर मी त्याच्यापर्यंत पोचले नसते. पण मी विचारलं तेव्हा म्हणाला, टोपी डोक्यावरच असायची. अकरा वर्षं रोज दांड्यावर बघितलेली टोपी."

आदर्श जमिनीकडं बघत होता.

"मी बिद्रीला हुतो," तो म्हणाला.

"विठाबाईंना फोन केला. सकाळी आठपासून ऊस भिजवतायत. अकरा ते साडेअकरा पाणी थांबलं होतं का, असं विचारलं. म्हणाल्या, 'ढगानं बारीक झालं आसंल, पर तुटलं न्हाय, मेस्त्रींचा बॉक्स हाय तो.' तिथं आज कुणीच आलं नाही. बॉक्स उघडला असता तर पाणी तुटलं असतं."

वर गच्चीवर ऊन होतं आणि पॅनेल आपलं काम करत होतं.

"उद्या मला चोर ठरवनार हुतं," आदर्श म्हणाला. आवाज कोरडा होता. "भर हापिसात. कंपनीत साहेब म्हनत्यात मला आता. लगीन ठरलंय. ढगाचं गणित मीच मांडलंय, मेस्त्रींना कागदावर येत नव्हतं ते. मग माझं नाव का नगं? मला तेवढं बी ठिवनार नव्हतं."

"तसं ते म्हणाले?"

"म्हनायला कशाला पायजे? हरकत घेतली म्हंजे तेच की."

"मग टोपी का घातलीस?"

त्यानं तळहातांनी तोंड पुसलं. "उघड्या डोक्यानं बरं दिसंना."

संयोगितानं चिमणाबाईकडं हात पुढं केला. म्हातारीनं पाकीट दिलं. आत एकच कागद होता, वळणदार, जुन्या शाळेतल्या अक्षराचा. संयोगितानं तो मोठ्यानं वाचला.

"'अर्जात माझे नाव नाही, ते घालावे. आदर्शचे काढू नये. ढगाचे गणित त्याने केले, जोडणी मी केली. आधी त्याचे नाव लिहावे, खाली माझे. एवढीच हरकत आहे.'"

धैर्यशील उठून बाहेर गेला. आदर्शनं कागदासाठी हात पुढं केला, पण हवालदारानं तो हात धरला.

चिमणाबाई त्याच्याकडं बघत होती. अकरा वर्षं तिच्या हातची भाकरी त्यानं खाल्ली होती. तिच्या नजरेत राग असता तर संयोगिताला बघणं सोपं गेलं असतं.

"एकदा इचारायचं तरी, आदर्शा," ती म्हणाली. "इचारलं असतंस तर सांगितलं असतं की त्यांनी."