पाचवी प्रत

मादाम ओब्राक जिन्यावर दिसल्या तसे खाली ताटकळलेले पत्रकार एकदम उठले. वोक्लेर साहित्य-पुरस्काराच्या अध्यक्षांनी मधल्या पायरीवर थांबून विजेत्याचं नाव उच्चारायचं, हा पॅरिसमधला जुना शिरस्ता. त्या थांबल्या नाहीत. गर्दीतून वाट काढत त्या खिडकीजवळच्या टेबलाशी आल्या. तिथे खासगी तपासनीस एव्हारिस्त मालफ्रुआ आणि त्याचा मित्र, निवृत्त शाळामास्तर बाझील कोर्नू, शिंपल्यांचा समाचार घेत होते.

"मस्यू मालफ्रुआ, वर चला. आमचं एक पुस्तक नाहीसं झालंय."

कोर्नूच्या हातातला काटा तसाच राहिला. त्या वरच्या दालनाबद्दल त्याने मुलांना वर्षानुवर्षं सांगितलं होतं. दार मात्र कधी पाहिलं नव्हतं.

जिना चढताना मादामनी हकिगत सांगितली. पाच परीक्षकांनी मतं दिली. तिघांच्या कौलाने मिठागरांवरची एक छोटी कादंबरी जिंकली. लेखकाचं नाव केरमेल. त्याला कुणी पाहिलेलं नाही. आता परीक्षकांच्या पाच प्रतींवर सह्या व्हायच्या, तर कोपऱ्यातल्या मेजावर चारच.

"मग कोपऱ्यावरच्या दुकानातून आणा की एक!" कोर्नू म्हणाला.

"परीक्षकाने स्वतः वाचलेली प्रत हवी, अशी संस्थापकांची अट आहे. पाच वाचलेल्या प्रती, पाच सह्या, आणि तेही आजच्या आज. नाहीतर यंदा पुरस्कार नाही. युद्धातसुद्धा आमचं एक वर्ष चुकलेलं नाही, मस्यू."

दार उघडलं आणि कोर्नूने नकळत टोपी काढली. भिंतभर काचेचं कपाट होतं आणि त्यात पहिल्या वर्षापासूनची विजेती पुस्तकं, प्रत्येकाच्या पाच-पाच प्रती. कडा दातेरी, पुठ्ठे मळलेले, कुठे कॉफीचा डाग. माणसांनी खरोखर वाचलेली पुस्तकं! देवळात बोलावं तसा तो हळू आवाजात म्हणाला, "एव्हा, आपण इथे उभे आहोत."

"उभे आहोत आणि कुडकुडतोय," मालफ्रुआ म्हणाला.

खरंच, नोव्हेंबरची थंडी होती आणि सगळे कोट घालून बसले होते. कोपऱ्यातल्या उंच शेगडीत लाकडं रचलेली होती, पण पेटवलेली नव्हती. कॉफी आणणारा वाढपी पुटपुटला, "मादाम रुव्हिएर म्हणाल्या, पेटवू नकोस, धुराने डोळे चुरचुरतात. दर वर्षी शेगडीला पाठ लावून बसणाऱ्या त्याच!"

मालफ्रुआने एकेका परीक्षकाला विचारायला सुरुवात केली. पहिले दोघे, एक नाटककार आणि एक समीक्षक, गेल्या वसंतापासून एकमेकांशी बोलत नव्हते.

"हे गृहस्थ जागचे हलले नाहीत," नाटककार म्हणाला. "हलले असते तर मला बरं वाटलं असतं."

"यांच्याबद्दल मीही तेच म्हणेन," समीक्षक म्हणाला. "आणि हरवली ती आमच्यातल्या तार्द्यूंची प्रत. काय टापटीप माणूस! पुस्तक कसं, नव्या साबणाच्या वडीसारखं. आमच्या बघा, चाकूने पानं सोडवता सोडवता चिंध्या झाल्या."

मालफ्रुआने मेजावरच्या चार प्रती चाळल्या. प्रकाशकाकडून पुस्तकं येत ती जोडपानांचीच, कडेला न कापलेली. वाचकाने चाकूने कडा फाडत पुढे जायचं. मेजावर कागदाचा बारीक भुसा पडला होता.

क्लोटिल्ड रुव्हिएर कवयित्री होत्या, ताठ आणि नाजूक. "पुस्तकं मीच रचून ठेवली. तेव्हा पाचही होती. पण कशाला हा तमाशा? तार्द्यूंना तासभर घरी जाऊ द्या. त्यांच्याकडे दुसरी प्रत असेल."

"असेल का?"

"नसली तर... असेलच."

शेवटी ओनोरे तार्द्यू. परीक्षकांत सर्वांत वयस्कर. लोणी लावलेल्या मुळ्यावर ते एका डबीतलं करडं, जाडं मीठ भुरभुरत होते.

"घरचं आहे," ते ओशाळून म्हणाले. "बायको गेरांदच्या मिठागरांतली. दुसऱ्या मिठाला ती मीठ म्हणत नाही."

"तुम्ही कादंबरीच्या विरोधात मत दिलंत?"

"दिलं, आणि कडाडून बोललो. शेवट लांबलाय. म्हातारी बांधावर परत येते, तिथेच थांबायला हवं होतं. आणि तिचा तो कुत्रा, पिपो, त्याला मारायची काही गरज नव्हती."

मालफ्रुआ अध्यक्षांकडे वळला. "मादाम, कादंबरीतल्या कुत्र्याचं नाव काय?"

"कापितेन. मला फार लळा लागला त्याचा. का हो?"

"सहज."

कोर्नूने त्याला बाजूला ओढलं. "अरे, तार्द्यूंनी पुस्तक वाचलेलंच नाही! नावसुद्धा चुकलं."

"न वाचणाऱ्याला शेवट कुठे लांबला ते कसं कळेल, मास्तर?"

"कुणाकडून ऐकलं असेल."

"आता अर्धं बरोबर बोललास."

मालफ्रुआ शेगडीपाशी गेला, लोखंडी झडप उघडली आणि लाकडांवरून एक पुस्तक उचललं. कडा एकसंध होत्या. एकही जोडपान फाडलेलं नव्हतं.

त्याने ते चार प्रतींशेजारी ठेवलं.

"एक प्रत चोरून कुणाला काय मिळणार? दुकानात ढीग पडलेत," तो म्हणाला. "म्हणजे ती हवी होती म्हणून नाहीशी झाली नाही, कुणाला दिसू नये म्हणून झाली. चार प्रती फाटलेल्या आणि पाचवी साबणाची वडी. मादाम रुव्हिएर, पुस्तकं रचताना तुम्ही ते पाहिलंत आणि प्रत शेगडीत सरकवली. शेगडी पेटू नये म्हणून डोळ्यांचं निमित्त केलंत. मस्यू तार्द्यूंनी घरी जाऊन पानं फाडून आणावीत, एवढीच तुमची खटपट."

"मला वाटलं, यांनी न वाचताच विरोध केला," रुव्हिएरबाई म्हणाल्या. "मला वाचायला शिकवलं ते यांनी. ते चारचौघांत उघडे पडावेत?"

"पण ते पुस्तक यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. छापण्याआधीचं ठाऊक आहे. तेव्हा कुत्रा पिपो होता." मालफ्रुआने मिठाच्या डबीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पुढचं मी सांगणार नाही, मस्यू. ते तुमचं आहे."

तार्द्यूंनी बोटांवरचं मीठ झटकलं.

"रात्री जेवणं झाली की बायको तिचं लिहिलेलं वाचून दाखवायची," ते म्हणाले. "चार हिवाळे. तिला कुणाची बायको म्हणून वाचलं जायला नको होतं, म्हणून केरमेल हे टोपणनाव. ते अंतिम यादीत आलं आणि माझी झोप उडाली. इथे मत न देणं चालत नाही. घरच्या माणसाला मत द्यायचं नाही. पुस्तक छापील पाहिलं असतं तर मला विरोध करता आला नसता. म्हणून उघडलंच नाही. माझ्याकडे जेवढी बुद्धी होती तेवढी वापरून मी तिच्याविरुद्ध बोललो."

"आणि हरलात," नाटककार पुटपुटला. त्या आवाजात थट्टा नव्हती.

"मग पुस्तक बाद!" समीक्षक म्हणाला.

"घरच्याला मत देऊ नये, असा नियम आहे. यांनी दिलं नाही." नाटककाराने कित्येक महिन्यांत प्रथमच त्याच्याकडे पाहिलं. समीक्षकाने थोडा विचार केला आणि मान हलवली.

मादाम ओब्राक उठल्या. "हे या खोलीबाहेर जाणार नाही. पण अट अटच आहे, ओनोरे. ही प्रत वाचलेली नाही." त्यांनी फळांच्या थाळीतला चाकू उचलून तार्द्यूंपुढे ठेवला. "वाचा. आम्ही थांबतो."

खाली निरोप गेला. शेगडी पेटली. तार्द्यूंनी पहिलं जोडपान फाडलं.

कोर्नूला वाटलं होतं, माणसं कंटाळतील, घड्याळं पाहतील. कुणी पाहिलं नाही. कागद फाटल्याचा आवाज येई, मग शांतता, मग पुन्हा तो आवाज. म्हाताऱ्याचे ओठ वाक्यांआधीच हलत आणि मध्येच, जिथे शब्द बदललेले असतील तिथे, थबकत. एकदा ते हसले. बाहेर दिवे लागले. एका घरात चार हिवाळे चाललेलं काम इथे एका दुपारी पानापानाने उजेडात येत होतं आणि पाहणाऱ्यांपैकी कुणाला खोकण्याचाही धीर होत नव्हता.

शेवटचं पान संपलं. तार्द्यूंनी पुस्तक मिटलं.

"मादाम," ते म्हणाले, "मत बदलता येतं का?"

"नाही."

"बरं झालं." त्यांनी चष्मा पुसला आणि लेखणी मागितली. "शेवट लांबलेला नाही. हे आधी तिला सांगायला हवं. खाली टेलिफोन आहे ना?"