तीन-तीनचे गट

फुटबॉल क्लबचा सीनियर संघ हरण्यात इतका तरबेज होता, की त्याच्या पराभवाची बातमी वर्तमानपत्रवाले सामन्याच्या आधीच जुळवून ठेवतात असं लोक म्हणायचे. इभ्रत होती ती युवा संघाची. जिन्यातल्या ढाली, कॅन्टीनमधले चषक (ज्यांत आता चमचे ठेवत), सगळं पोरांनी मिळवलेलं. या युवा संघाच्या इतिहासात कोच बदलले, मैदान दोनदा बदललं, जर्सीचा रंग तर अध्यक्षांच्या जावयाच्या लहरीप्रमाणे बदलत गेला. बदलली नाही ती एकच गोष्ट: सराव तीन-तीनच्या गटांत. कोणी उरलाच तर चौघांचा गट. दोघांची जोडी कधीच नाही.

का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाकडे उत्तर होतं. एक म्हणे, पूर्वी चेंडू कमी होते, तिघांत एक पुरवायचे. दुसरा म्हणे, दोघं एकत्र आले की गप्पा हाणतात. क्लबच्या स्मरणिकेत तर ‘आमची त्रिकोणी विचारसरणी’ असा लेखच होता. तो लिहिणाऱ्यालाही कळला नसावा.

नवे कोच हे ऐकून गालातल्या गालात हसले. ते नुकतेच प्रशिक्षणाचा कोर्स करून आणि प्रमाणपत्राला फ्रेम करून आले होते. पास शिकायचा तर समोर एकच माणूस हवा, हे त्यांचं ठाम मत. शिवाय त्यांना एक घरगुती काळजी होती. संघातला एकोणिसावा मुलगा त्यांचा सख्खा भाचा होता.

भाचा वाईट खेळायचा असं नाही. त्याला खेळायला मिळायचंच नाही. सहा गट पडले की तो कुठल्या तरी गटाला चौथा म्हणून चिकटायचा. बाकीचे तिघे आपापसांत चेंडू फिरवायचे आणि हा चुकून दुसऱ्याच रांगेत लागलेल्या माणसासारखा उभा. हंगाम संपला की दोघांना पगारावर सीनियर संघात घेत आणि न चालणाऱ्यांना ‘मोकळं’ करत. ‘काढणं’ हा शब्द क्लबमध्ये असभ्य मानला जाई.

कोचची मोठी बहीण, म्हणजे भाच्याची आई, बुटांच्या दुकानात कामाला होती. घरात ती आणि मुलगा, दोघंच.

“त्याला एकदा सीनियरमध्ये घाल रे,” ती म्हणायची, “की मी लोकांच्या मोज्यांचे वास घ्यायचं सोडते.”

तेव्हा एका संध्याकाळी कोचनी शिट्टी वाजवली आणि म्हणाले, “चला, जोड्या करा.”

“जोड्या, सर?”

“लग्नाच्या नव्हे. दोघं-दोघं, समोरासमोर.”

पोरं खिदळली आणि पांगली. कोचचा हिशोब सरळ होता. एकोणीस मुलं, एक उरणार. तो भाचाच असणार. मग आपण त्याच्यासमोर उभं राहायचं, म्हणजे पोराच्या पायाला निदान चेंडू तरी लागेल.

कोणी उरलं नाही.

मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मुलं समोरासमोर उभी राहिली आणि चेंडू टपटप जाऊ-येऊ लागले. भाचा अगदी शेवटी, जाळ्या ठेवायच्या पत्र्याच्या खोलीपाशी. त्याचा चेंडू जात होता आणि परत येत होता. मावळतीचं ऊन नेमकं त्या बाजूनं डोळ्यांत घुसत होतं. कोचनी कपाळावर आडवा हात धरून मुलं मोजली. एकोणीस. मग जोड्या मोजल्या. दहा.

आपण गणितात पहिल्यापासून कच्चे, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. शहाणी माणसं असंच करतात.

भाचा मात्र सुधारला, आणि असा सुधारला की बघत राहावं. चेंडू त्याच्या पायाला यायचा आणि पाळल्यासारखा थांबायचा. सीनियर संघाचे कोच एकदा कुंपणाला टेकून बघत राहिले आणि म्हणाले, “हा कुठे दडवून ठेवला होतास रे? हंगाम संपला की माझ्याकडे धाड.”

ताईला हे कळलं तेव्हा ती फोनवर आधी हसली, मग रडली आणि मग भाजी करपली म्हणून ओरडली.

कोचनी एकदा घरी जाताना भाच्याला विचारलं, “जोडीला कोण असतं रे तुझ्या?”

“जोडीदार.”

“अरे, पण नाव काय त्याचं?”

“विचारलं नाही. त्यानं माझंही नाही विचारलं, मामा.” पोरगं हे मोठ्या समाधानानं म्हणालं.

हळूहळू इतर गोष्टी दिसू लागल्या. भाचा दार उघडायचा आणि आत जायच्या आधी क्षणभर ते धरून ठेवायचा. कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसताना शेजारी जागा सोडायचा. पूर्वी त्याची टर उडवणारी पोरं आता हूं की चूं करत नव्हती, आणि कितीही गर्दी झाली तरी त्या सोडलेल्या जागेवर कोणी बसत नव्हतं. तसं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मग एका सामन्यात भाच्यानं उजवीकडे एक पास दिला. इतका मोजूनमापून, इतका देखणा, की प्रेक्षकांनी ‘वा!’ म्हणायला तोंड उघडलं. तिथे कोणीच नव्हतं. चेंडू रेषेबाहेर गेला. लोक हसले. भाचा त्या रिकाम्या जागेकडे बघून अंगठा दाखवत होता.

त्या सामन्याला जुने कोच आले होते. पॅन्टची घडी कधी मोडली नाही म्हणून पोरांनी त्यांना ‘इस्त्री’ नाव ठेवलं होतं. सामना संपल्यावर ते नव्या कोचच्या शेजारी येऊन बसले.

“जोड्या केल्यास?”

“केल्या. मुलं सुधारली.”

“मुलं, की एकच मुलगा?”

कोचनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली.

“माझ्या आधीच्यांनी एकदाच केल्या होत्या,” इस्त्री म्हणाले. “तो मुलगाही फार सुंदर पास द्यायचा म्हणे.”

“मग? पुढे काय झालं त्याचं?”

“मला सांगितलं तेवढं मी तुला सांगितलं.” म्हातारा गुडघ्यावरची घडी बोटांनी सारखी करत राहिला. “तिघांत जास्तीचा कोण ते दिसतं. दोघांत दिसत नाही. उद्यापासून तीन-तीन कर.”

कोचनी केलं. थोड्याच वेळात भाच्याच्या गटातली मुलं तक्रार घेऊन आली.

“सर, चेंडू आमच्याकडे येतच नाही.”

“म्हणजे?”

मुलांनी नुसती मान वळवून दाखवलं. भाचा त्यांच्याकडे पाठ करून, पत्र्याच्या खोलीकडे तोंड करून उभा होता. टप. थोडं थांबून, पुन्हा टप.

कोचनी बाकीच्यांना मैदानाला फेऱ्या मारायला पिटाळलं आणि स्वतः भाच्यासमोर जाऊन उभे राहिले.

“दे इकडे पास.”

“नको, मामा.” मैदानावर मामा म्हणायचं नाही हा नियम तो कधी मोडत नसे.

“दे म्हणतो ना!”

भाच्यानं चेंडू मारला.

तो कोचच्या बुटापर्यंत आलाच नाही. वीतभर अलीकडे अडला, आणि परत गेला.

कोच हलले नाहीत. हलावंसं वाटत होतं, पण पावलांखाली काही तरी होतं. टणक नव्हतं. थंड होतं.

“मामा,” भाचा हळूच म्हणाला, “बाजूला हो ना. तू त्याच्या पायांवर उभा आहेस.”

त्याच संध्याकाळी कोचनी भाच्याला ऑफिसात बोलावलं. टेबलावर पंखा घरघरत होता. सीनियर संघ, ताईचा फोन, तिचं ते हसणं, सगळं डोळ्यांपुढे येत होतं. पण पोर हातचं जाण्यापेक्षा संघातली जागा गेलेली परवडली.

“तुला मोकळं करतोय,” ते म्हणाले. “उद्यापासून यायचं नाही.”

भाचा रडला नाही. त्यानं शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

“दोघांनाही?”

“हो, दोघांनाही,” कोच बोलून गेले. घाईत माणूस काहीही बोलतो.

भाचा उठला, दार उघडलं आणि सवयीनं क्षणभर धरून ठेवलं.

ताईनं फोनवर त्यांचा असा उद्धार केला की फोन कानापासून लांब धरूनही ऐकू येत होतं. नंतर तिनं बोलणंच टाकलं. मैदान मात्र मोकळा श्वास घेऊ लागलं. अठरा मुलं, तीन-तीनचे सहा गट, कोणी उरत नव्हतं आणि कोणी वाढतही नव्हतं. पोरं पुन्हा दंगा करू लागली, पुन्हा शिव्या खाऊ लागली. ती सोडलेली जागा आता बाकावर नव्हती. तिथे जो तो बसत होता. कोचना ताईचा राग सोसवत होता, कारण पोर वाचलं होतं.

हंगाम संपल्यावर ते हिय्या करून तिच्याकडे गेले. ताईनं दार उघडलं आणि चक्क हसली.

“ये रे. झालं गेलं सोड. एका अर्थी बरंच केलंस.”

“म्हणजे?”

“खेळायला मित्र मिळालाय त्याला. रोज येतो. लाजाळू आहे भारी. मला अजून नीट दिसला नाही, हाक मारली की टाकीच्या मागे सरकतो.”

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं. भाचा पाठमोरा होता. त्यानं मारलेला चेंडू पाण्याच्या टाकीमागे जात होता आणि परत येत होता.

टप. टप.

ताईनं माठातून दोन ग्लास काठोकाठ भरले. “पाणी प्या रे दोघं!” तिनं खिडकीतून हाक मारली.

भाचा आला, मामाकडे बघून गोड हसला, दोन्ही ग्लास न सांडता घेऊन टाकीमागे गेला. थोड्या वेळानं रिकामे आणून ओट्यावर ठेवले आणि पळाला.

एका ग्लासाच्या तळाशी थेंब होते. कोचनी दुसरा उचलला. आतून बाहेरून कोरडा ठणठणीत.

“बघ,” ताई तो त्यांच्या हातून घेऊन फळीवर ठेवत कौतुकानं म्हणाली, “किती वळण आहे पोराला. रोज ग्लास पुसून देतो.”