हाकेला ओ

घाटातून दरीत गेली तेव्हा गाडी वाचली आणि माणूस गेला; असला उरफाटा न्याय. विराजदादाची ती मोटरसायकल आता कोल्हापूरच्या यंत्रश्रवण प्रयोगशाळेत उभी होती. ब्रेक लागला नाही, की दादानं लावलाच नाही, या एका प्रश्नापायी त्याची धाकटी बहीण वैदेही आणि आई एकमेकींची नजर चुकवत जेवत होत्या.

वैदेही स्वतः ध्वनिशास्त्रज्ञ. तिचे सहकारी, धातुतज्ज्ञ अन्वर मुजावर यांनी झिजलेलं इंजिन नव्यानं बांधायला घेतलं. हेड झालं, चेन झाली; फक्त सिलिंडर जुना राहिला. बाहेरून विजेची मोटर लावून हळू फिरवलं, तर आतून भलताच आवाज.

"टॅपेट नव्हे, पिस्टनही नव्हे," अन्वर म्हणाले. "ताई, ही सिलिंडरची भिंत बोलतेय."

"ध्वनिचरे?"

"तेच. पिस्टनच्या रिंगा भिंतीवर घासतात, आसपासच्या आवाजानं थरथरतात आणि तसे चरे उमटतात. नवे चरे जुन्यांना पुसतात. इंजिन बंद पडलं की शेवटचे काही क्षण तेवढे उरतात."

"म्हणजे दरीआधीचे."

"हां. पण वाचणारी रिंग आणि लिहिणारी रिंग एकच बघा. गप बसलात तर चरे टिकतील. बोललात, तर त्या शब्दाखाली सगळं दबलं म्हणून समजा."

संगणकाला त्यातून नुसता खडखडाट मिळत होता. ओळखीचा आवाज निवडायला ओळखीचाच कान हवा. मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून इंजिन ऐकतात, तशीच ही श्रवणशलाका. एक टोक सिलिंडरला, दुसरं कानामागच्या हाडाला. वैदेहीनं ती टेकवली. तिला भीती वाटत होती, आणि ऐकायचंही होतं.

मोटर फिरू लागली. वारा आला, टायरची घरघर आली. मग अगदी जवळून, शेवटचं अक्षर लांबवत, "वैदूऽ..."

मोठ्यांनी हाक मारली की हातातलं टाकून ओ द्यायची, ही त्यांच्या आईची शिस्त. त्यात विचाराला जागाच नव्हती.

"ओ," वैदेही म्हणाली.

अन्वरनी मोटर बंद केली.

"शलाका दोन्हीकडून वाहते, ताई. हाडातून थेट खाली गेला शब्द."

"पुढचं राहिलं असेल. फिरवा."

नाइलाजानं त्यांनी फिरवली. वारा नव्हता, टायर नव्हते, दादा नव्हता. पिस्टन वर गेला: ओ. खाली आला: ओ. तिचाच आवाज होता, लहानपणी द्यायची तसाच आज्ञाधारक, आणि हाक मारणारं कुणी नव्हतं.

"सिलिंडर काय म्हणतोय?" अन्वरनी हलक्या आवाजात विचारलं.

वैदेहीनं नुसती मान हलवली. आता तिला गप्प राहायला जमलं.