टोपलीतले मेलेले शंख

“रंगवाल्याच्या पोरीनं रंगवाल्याच्याच घरी जावं गं. बाहेरचा कोण हा वास उशाशी घेईल?”

आईला जाऊन सात वर्षं झाली, तरी अरिशतच्या कानात हा आवाज तसाच होता. सूर नावाच्या बंदराच्या टोकाला त्यांचं रंगघर. कुंडांत शंखांचा गर मंद आचेवर दिवसचे दिवस मुरायचा. जांभळा रंग राजांच्या अंगावर जायचा अन् वास मात्र हिच्या केसांत राहायचा. येणारेजाणारे नाक दाबून पुढे सरायचे.

शंख पकडणारा मत्तन तेवढा बसायचा. रोज सकाळी काटेरी शंखांची टोपली घेऊन यायचा. शंख मेला की रंगही गेला. म्हणून अरिशत एकेक हातात घेऊन निवडायची. त्याच्या टोपलीत मेलेले हटकून निघायचे. निवडणं लांबायचं... अन् बोलणंही.

काल मात्र बाबा कडाडले होते, “उद्या एक जरी मेलेला निघाला, तर त्याची टोपली बंद!”

आज तिनं पहिला शंख उचलला — जिवंत. दुसरा, दहावा, विसावा... जिवंत.

“आज सगळे धडधाकट?”

“तुझ्या बाबांचा आवाज धक्क्यापर्यंत आला होता.”

“मग रोज कसे रे मरायचे?”

मत्तन काट्यांनी ओरबाडलेला अंगठा चोळत राहिला. “दोन दिवस उपाशी ठेवायचो. भुकेले की एकमेकांना पोखरतात.”

“लबाडा! आणि कशापायी?”

“निवडणं संपलं की तू उठून जातेस.”

वारा फिरला. कुंडाची वाफ थेट त्याच्या तोंडावर आली. तो हलला नाही.

“वास येत नाही तुला?”

“येतो की. घरी पोचेपर्यंत जातो, त्याचंच वाईट वाटतं.”

ती हसली. “आता रोज असेच जिवंत आणणार?”

“आणावेच लागतील. टोपली ठेवायची अन् निघायचं.” तो उठला. “येतो, अरिशत.”

तळाचा शेवटचा शंख तिच्या जांभळ्या बोटांत होता. तो खाली ठेवायला हात धजेना.

“मत्तन, थांब ना... मेलेला शंख मला दारातूनच वासानं कळतो. एकेक हातात घेऊन बघायची गरज मला — कधीच नव्हती.”