नमुना क्रमांक सतरा

चिकटपट्टी लावलेला थर्माकोलचा डबा.

कपिलधारच्या तुषारांनी भिजलेली ओढणी.

एक साखर, जी बाळाला पचतच नाही.

गोठ्याचं मागचं दार... दुपारी दोनला आणि दिवेलागणीला उघडं.

आता नीट सांगायचं, तर युसूफ वडगाव या गावच्या स्टँडवर यशोधराच्या डब्यातला बर्फ वितळला आणि तिथून सगळं सुरू झालं. समोर दूध संकलन केंद्र होतं. मशीनवर दुधाची फॅट बघत बसलेल्या विजयसिंहाकडे तिनं बर्फ मागितला.

"कुल्फी हाय का डब्यात?"

"बाळाची शी आहे."

तो हसला नाही. म्हणजे हसू त्यानं आवरलं, पण ते गालात दिसत राहिलं. त्यानं नाव विचारलं, मग पूर्ण नाव, मग गाव. ती केजची, बीडच्या एका संशोधन प्रकल्पात कामाला होती. अंगावर पिणाऱ्या आणि डब्याच्या पावडरीवर वाढणाऱ्या बाळांच्या आतड्यांत कोणकोणते जंतू राहतात, हे त्यांना बघायचं होतं. यादीतलं सतरावं बाळ नेमकं त्याच्याच घरचं निघालं. राजनंदिनी, त्याची तीन महिन्यांची पुतणी. आई बाळंतपणात गेलेली. पोर डब्याच्या दुधावर.

पुढे दर पंधरवड्याला बर्फ तयार असायचा. पिशवीवर स्केचपेननं लिहिलेलं असायचं — कुल्फी.

तो जंतूंची खुशाली विचारायचा आणि तीही एखाद्या नातलगाची सांगावी तशी सांगायची.

"आईच्या दुधात एक साखर असते," एकदा ती म्हणाली. "बाळाला पचत नाही ती. या जंतूंसाठीच असते. ते खातात, टिकतात... आणि मग बाळाचं पोट सांभाळतात."

"म्हंजी आई पावण्यांचाबी सैपाक करती."

"पाहुणे कसले? घरचेच होतात ते."

"मग तूबी हो की..."

एवढं बोलून तो घाईघाईनं फॅटच्या मशीनकडे बघायला लागला. मशीनमध्ये दूध नव्हतं.

कपिलधारला, धबधब्याच्या आवाजात, दिवाळीला घरी बोलतो म्हणून त्यानं शपथ घेतली. तिनं मागितली नव्हती.

मग सतराचा अहवाल आला — उलटा. डब्यावरच्या बाळाच्या पोटात अंगावरच्या दुधावर पोसणाऱ्या जंतूंची ही गर्दी! बीडच्या मॅडमनी आवाज न चढवता सांगितलं, की एक तर तू नमुने अदलाबदल केलेस, नाहीतर घरचे खोटं बोलताहेत. खरं काय ते त्यांच्या सहीनं आण. नाहीतर काम थांबव.

तिनं केंद्रावर जाऊन विचारलं. विजयसिंहानं आधी शटर अर्धं ओढलं.

"बौद्धवाड्यातली चतुराबाई पाजती. डबा पचंना, पोरगी लई सुकली व्हती. आईनंच बोलावलं... मागच्या दारानं. कुनाला म्हाईत न्हाई."

यशोधराच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं. तिचं स्वतःचं घरही केजच्या बौद्धवाड्यातच होतं. चतुराबाईचं दूध लेकराच्या पोटात जातं, तर त्या घरात आपल्यालाही वाट असेल, असं तिला वाटलं. वेडी कुठली.

दुसऱ्या दिवशी ती फॉर्म घेऊन घरी गेली. ओसरीवर त्याची आई, सुंदरबाई. मांडीवर राजनंदिनी, चांगली बाळसं धरलेली. यशोधरानं रकाना वाचून दाखवला — बाळाला दुसऱ्या कुणा बाईचं दूध मिळतं का? सुंदरबाईंनी दारात उभ्या विजयसिंहाकडे पाहिलं.

"डब्याचंच," तो म्हणाला.

"माझं काम जाईल," यशोधरा हळू आवाजात म्हणाली.

"डब्याचंच हाय, मॅडम. लिहून घ्या."

त्यानं सही केली. अक्षर बर्फाच्या पिशवीवरचंच.

गोठ्यामागे कडी वाजली. दोन वाजले होते. ओसरीवर कुणीच हललं नाही. बाळानं तेवढी आवाजाकडे मान वळवली आणि ओठ हलवायला लागलं.

दिवाळीचं तिनं विचारलं नाही. फाटकापर्यंत तो मागे आला, हातात पिशवी.

"बर्फ तरी..."

"नको. आता डब्यात ठेवण्यासारखं काही नाही."

सतरावा नमुना यादीतून काढला गेला. आठवड्यानं तिचं कामही.

पहिल्या दिवशी, स्टँडवरच्या त्या उन्हात, तिनं बर्फाचे दोन खडे टाकून गार केलेली आपली पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली होती. तोवर त्यानं पूर्ण नाव विचारलं होतं. तहान नाही, म्हणाला होता.