पिवळी चौकट

हल्ली कोणीही उठतो आणि फोटो काढतो, त्यामुळे माझ्यासारख्या हौशी माणसाला फारसा मान राहिलेला नाही. आठवडाभर मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढतो: जिना कुठे, खिडकी कुठे, दार आत उघडणार की बाहेर. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवतो आणि ओळखीपाळखीच्या लोकांचे फोटो काढून देतो. "जरा बारीक दिसू दे हं," असं प्रत्येक जण सांगतो. जसे आहात तसे याल, मी म्हणतो. माझा हट्ट एकच, माणसाचा डोळा लख्ख यायला हवा. डोळा धूसर आला की फोटो फुकट.

हा हट्ट कोणी मोडीत काढला असेल तर माझ्या धाकट्या भावाने. घरात त्याला टिल्लू म्हणायचे, आणि हे टिल्लू दारातून मान वाकवून आत यायचे. मी "हलू नकोस" म्हटलं की हमखास मान वळवणार आणि वर दात काढणार. शेवटी वैतागून मी त्याचा चेहरा कॅमेऱ्यात नोंदवून टाकला. तशी सोय असते. एरवी माणूस समोर आला की पडद्यावर त्याच्या चेहऱ्याभोवती पांढरी चौकट येते. नोंदलेला चेहरा दिसला की पिवळी येते, आणि कॅमेरा बाकीच्यांना सोडून त्याच्यावरच नेम धरतो. चौकट फक्त बघणाऱ्याला दिसते, फोटोत उमटत नाही. दुसरा कोणाचा चेहरा मी कधी नोंदवला नाही. आईचा कशाला नोंदवू? ती कुठे हलते?

एका दुपारी टिल्लू "आलोच" म्हणून बाहेर पडला आणि आला नाही. भांडण नाही, तंटा नाही, काही नाही. पोलीस झाले, दवाखाने झाले, जाहिराती झाल्या. वर्षं उलटली तसे सगळ्यांनी हात टेकले. आईने नाही. तो यायचा आणि नेमकं घरात कोणी नसायचं, म्हणून तिने घराबाहेर पडणंच सोडलं. दाराला दिवसा कडी नाही, खुर्ची दाराकडे तोंड करून. तिचं वजन उतरत चाललं होतं, पाय सुजत होते, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तपासण्या तशाच पडून होत्या. "तो आला की जाऊ," एवढंच ती म्हणायची. टिल्लूचं जे व्हायचं ते होऊन गेलं, असं मी मनाशी केव्हाच कबूल केलं होतं. आता जीव तुटायचा तो तिच्यासाठी. डोळ्यांदेखत ती त्या खुर्चीत संपत होती.

ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या ताईचं लग्न ठरलं होतं. तिचे आणि होणाऱ्या नवऱ्याचे फोटो मी बागेत काढत होतो. दोघं बाकावर, दोन पांढऱ्या चौकटी, ऊन छान. मग त्यांच्या बऱ्याच मागे, एका झाडाखाली, पिवळी चौकट आली.

मी कॅमेरा खाली करून बघितलं. झाडाखाली कोणी नव्हतं. पुन्हा डोळ्याला लावला. चौकट तिथेच होती, किंचित हलत होती, श्वास घेताना माणूस हलतो तेवढीच.

"काय झालं?" ताई म्हणाली. "इतके वाईट दिसतोय का आम्ही?"

"ऊन आडवं येतंय जरा," मी म्हणालो आणि बटण दाबत सुटलो.

घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले. ताई धूसर, नवरदेव धूसर. मागे त्या झाडाखालच्या गवताचा एक पट्टा तेवढा लख्ख आला होता, पात न पात दिसत होती.

कॅमेरा दुरुस्तीला नेला. दुरुस्तीवाल्याने उघडला, पुसला, स्वतःवर रोखून पाहिला. "उत्तम चाललाय," तो म्हणाला. "माझ्यावर पांढरी, गिऱ्हाइकावर पांढरी. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

मी त्याचे पैसे दिले आणि कॅमेरा घेऊन निघालो.

त्यानंतर चौकट बाजारात दिसली, भाजीच्या गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत. मग बसथांब्यावर. मग आमच्या रस्त्याच्या तोंडाशी असलेल्या औषधांच्या दुकानासमोर. माझं कामच नकाशांचं, मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. प्रत्येक वेळी ती घराच्या थोडी अधिक जवळ होती. आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती. माणूस पाठमोरा असेल तर चौकट येत नाही. चेहरा कॅमेऱ्याकडे असावा लागतो. म्हणजे दर वेळी तो माझ्याकडेच बघत होता.

मी आईला सांगायला नको होतं. पण एका संध्याकाळी तिने ताट तसंच सरकवून दिलं, आणि तिच्या पोटात चार घास जावेत म्हणून मी बोलून गेलो. ती ओरडली नाही, रडली नाही. ताट पुढे ओढलं आणि सगळं जेवली. मग म्हणाली, "चालत येतोय, तर वेळ लागायचाच."

दुसऱ्या दिवसापासून मी ऑफिसातून आलो की पाणीसुद्धा न विचारता ती कॅमेरा हातात द्यायची. मी रस्त्यावर जाऊन बघून यायचो. ती दारातच उभी असायची.

"कुठवर आला रे?"

"शिंप्याच्या दुकानापर्यंत."

"आज कुठवर आला?"

"फाटकाशी आहे."

तिने त्याचं अंथरूण उन्हात घातलं. त्याचे शर्ट धुऊन इस्त्री केले. तोंडावर तेज आलं होतं आणि पाय मात्र खांबासारखे सुजले होते. खाणं पुन्हा सुटलं. "त्याच्याबरोबर जेवेन," म्हणायची.

मग चौकट जिन्यावर आली, आमच्या मजल्याच्या खालच्या वळणावर, आणि तिथेच थांबली. एक दिवस थांबली, दुसऱ्या दिवशीही थांबली, पुढे सरकेना. आई दिवसभर वरच्या पायरीवर बसून खाली हाका मारायला लागली. "ये ना रे. कोणी काही बोलणार नाही तुला. ये."

शेजाऱ्यांनी आपापली दारं लावून घेतली. मी खोटं सांगून पाहिलं, गेला म्हणून. तिने माझ्या हातातून कॅमेरा घेतला, डोळ्याला लावला आणि परत दिला. मग पुन्हा खाली हाका मारायला लागली.

डॉक्टर घरी येऊन गेले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "आजच्या आज दाखल करा. आता उशीर केलात तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"आई, चल," मी म्हणालो.

"तो दाराशी आलाय आणि मी घर सोडून जाऊ? तुला काही मन आहे की नाही?"

तिला उचलून न्यायला गेलो तर तिने कठडा धरला. तिची बोटं सोडवताना माझाच धीर सुटला. त्या तशा पायांनी ती पुन्हा पायरीवर बसली.

मी कॅमेरा घेऊन जिन्याच्या वळणावर गेलो. पिवळी चौकट समोर होती, माझ्या डोक्याच्या वर, त्याचा चेहरा असायचा त्या उंचीवर. इतक्या जवळून मी ती कधी पाहिली नव्हती.

"टिल्लू," मी म्हणालो, "आईला जाऊ दे."

चौकट हलली नाही.

मी नोंद उघडली. एकच चेहरा होता. हा चेहरा काढून टाकायचा का, कॅमेऱ्याने विचारलं.

मी 'हो' दाबलं.

चौकट गेली. समोर नुसती भिंत. मला रडू कोसळलं, आणि रडतानाच वरून आईचा आवाज आला, अगदी साधा, रोजचा.

"अरे, दार सताड उघडं का टाकलंय? केवढी धूळ येतेय आत."

एका शब्दानेही वाद न घालता ती दवाखान्यात आली. वेळेवर आणलंत, तिथले डॉक्टर म्हणाले. सूज उतरली, भूक लागायला लागली. घरी आल्यावर तिने खुर्ची उचलून खिडकीपाशी ठेवली. टिल्लूचं नाव काढलं नाही. मन घट्ट केलं असेल, मला वाटलं, आणि मीही काढलं नाही. खरं सांगतो, ते दिवस मला सुखाचे गेले.

मग एका सकाळी ती भिंतीवरचे फोटो पुसत होती.

"हा कोण रे तुझा मित्र? किती छान हसतोय."

"आई, टिल्लू आहे तो."

"कसली नावं ठेवता रे एकमेकांना. एवढा उंच मुलगा." तिने काच पुसली आणि पुढच्या फोटोकडे वळली.

औषधांनी होतं कधी कधी असं, डॉक्टर म्हणाले. पण बाकी सगळं तिला आठवत होतं. माझ्या पहिलीच्या बाईंचं नाव, बाबांच्या चष्म्याचा नंबर, सगळं. "एकुलता एक म्हणून फार लाडावून ठेवला मी तुला," असं एकदा हसत म्हणाली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि तिथेच उभा राहिलो.

मी त्याचा फोटो कॅमेऱ्यासमोर धरला. चेहरा पुन्हा नोंदवावा म्हणून. घरातले त्याचे सगळे फोटो एकेक करून धरून पाहिले. पिवळी सोडाच, त्याच्या चेहऱ्यावर पांढरी चौकटसुद्धा येईना. कॅमेऱ्याच्या लेखी तिथे चेहराच नव्हता.

काल दुपारी बेल वाजली. मी आत होतो. आईने दार उघडल्याचं ऐकू आलं, मग तिचं बोलणं.

"नाही हो. इथे त्या नावाचं कोणी राहत नाही."

मग पुन्हा तिचाच आवाज.

"नाही, नाही. चुकलात तुम्ही."

दार लागलं. कडी सरकली.

मी धावत बाहेर आलो. "कोण होतं?"

"घर चुकलेला कोणीतरी मुलगा. पायात चप्पलसुद्धा नव्हती बिचाऱ्याच्या."

मी टेबलावरचा कॅमेरा उचलला, कडी काढली. जिना रिकामा होता. पडद्यावर खालच्या वळणाशी पांढरी चौकट होती. कोणाही परक्या माणसावर येते तशी.

मी हाक मारणार तेवढ्यात ती नाहीशी झाली. त्याने पाठ फिरवली होती.

"लाव ते दार," आई मागून म्हणाली. "मी सांगितलंय त्याला, खाली चौकशी कर म्हणून. चांगल्या घरचा वाटला. मला आई म्हणाला."