टाकीतले मासे मेले नाहीत

नदीतल्या पिंजऱ्यांत एकही मासा जिवंत उरला नव्हता. सगळे पोटं वर करून तरंगत होते आणि पिंजऱ्यांची मालकीण काठावर दोन पोलिसांच्या मधे उभी होती. तिला सगळे मासेवाली म्हणत. आरोप असा, की भरपाई लाटायला तिनेच रात्री पाण्यात विष ओतलं. संध्याकाळपर्यंत खुलासा झाला नाही तर कोठडी ठरलेली.

मत्स्यखात्याची डॉक्टर चिखलात उकिडवी बसली. एक मासा उचलून तिने आधी कल्ल्याचं झाकण उघडलं. या सवयीपायी ऑफिसात तिचं नाव कल्लेबाई पडलं होतं. सवय मामाने लावलेली. लहानपणी तो सांगायचा, माशाचं तोंड बघू नकोस, तोंड सगळ्यांचंच गरीब असतं. कल्ला उघड.

कल्ला लाल नव्हता. राखाडी, सुजलेला, बुळबुळीत. पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या. शेपटीची कड झिजलेली, अंगावर जुने व्रण. दुसरा मासा तसाच. तिसराही.

"विषानेच मेले ना, मॅडम?" हवालदाराने विचारलं.

"रात्रीत ओतलेलं विष असले कल्ले करत नाही. त्याला कित्येक आठवडे लागतात. हे घाण पाण्यात श्वास घेऊन घेऊन मेलेत."

"पण नदी स्वच्छ आहे. टाकीतले मासे टुणटुणीत आहेत की."

टाकी म्हणजे हाकेच्या अंतरावरच्या पाणीपुरवठा केंद्रातली काचेची टाकी. नदीचं पाणी आधी तिच्यातून वाहायचं. आतले मासे आजारी पडले की गावाचा पुरवठा बंद करायचा, असा नियम. मंत्र्याचं भाषण खोटं असेल, मासा खोटं बोलत नाही, म्हणून गाव त्या माशांच्या भरवशावर नळ सोडायचं. केंद्राचा प्रमुख कल्लेबाईचा सख्खा मामा. आणि मासेवालीनेच विष ओतलं असणार, असं पोलिसांना सांगणाराही तोच.

"आलीस का, चिमणे?" टाकीपाशी उभा मामा हसला. "बघ माझी फौज."

मासे चांदीसारखे चमकत होते. तिने एक जाळीत घेऊन कल्ला उघडला. लालभडक. पाण्याच्या पातळीला काचेवर पांढरी रेघ होती. तिने नख फिरवलं. खडूसारखं खरखरीत.

मामाने केबिनमध्ये चहा केला. दुसरा कप ओतताना तिने किटलीत डोकावलं. तळाला पांढरे पापुद्रे.

"घासत जा की जरा."

"घरची पण अशीच झालीय. मामी रोज माझ्या नावाने शंख करते," मामा म्हणाला आणि मग बराच वेळ मासेवालीबद्दल बोलत राहिला. असल्या लोकांना दया दाखवायची नसते, वगैरे.

तिथून ती पंपघरात गेली. पंपवाला घाबरला होता. टाकीच्या नळ्या ज्या खोलीत आहेत तिची किल्ली कोणाकडे, असं तिने विचारलं.

"माझ्याकडे आणि साहेबांकडे."

"मागे बोअर आहे ना?"

"आहे. बागेला पाणी घालतो त्याचं. जड आहे, तोंडात धरवत नाही."

"मग चहा कसला करता?"

"नळाच्या पाण्याचा." त्याने किटली पुढे केली. "लग्नात मिळालेली, मॅडम. बायको माहेरी गेली, ही टिकली."

किटली आतून लख्ख होती. तिने ती खाली ठेवली. तिच्या घरची किटलीही अशीच लख्ख होती.

संध्याकाळी तिने सगळ्यांना टाकीपाशी बोलावलं. मासेवालीला बसायला खुर्ची दिली. मामाला दिली नाही.

"नदीचं पाणी मऊ आहे," ती म्हणाली. "त्याचा पांढरा थर बसत नाही, बोअरच्या पाण्याचा बसतो. या काचेवर तो आहे. म्हणजे हे मासे नदीचं पाणी पीतच नाहीत. कोणीतरी व्हॉल्व्ह फिरवून त्यांना बोअरवर ठेवलंय."

हवालदाराने पंपवाल्याकडे पाहिलं.

"तो नाही. तो आजही नळाचंच पाणी उकळतो. त्याला माहीत असतं तर प्यायला असता का? नळाचं पाणी टाळणारा एकच माणूस आहे. त्याच्या केबिनची किटली पांढरी, घरचीही पांढरी. बोअरचे कॅन घरी नेतोस ना, मामा?"

मामाने चष्मा काढून पुसला. मग सगळं बाहेर आलं. वरच्या अंगाला रंगाचा कारखाना, तिथे सांडपाणी साफ करायची जबाबदारी मामाच्या मुलावर. यंत्रणा बंद पडली, पोराने घाण तशीच नदीत सोडली. टाकीतले पहिले मासे धापा टाकू लागले तेव्हाच मामाला कळलं होतं. त्याने मासे बदलले आणि व्हॉल्व्ह फिरवला.

"माझं पोर तुरुंगात गेलं असतं गं."

"म्हणून हिला पाठवत होतास?"

मासेवाली पहिल्यांदाच बोलली. "साहेब, माझ्या पिंजऱ्यातला मासा तुम्ही आठवड्याला घरी न्यायचात. मधेच बंद केलात. मला वाटलं, माझंच काही चुकलं."

मामा तिच्याकडे न बघता भाचीला म्हणाला, "आपल्या माणसाला कुणी असं उघडं पाडतं का?"

"आपल्या माणसाला? तुझी ताई कुठलं पाणी पिते, मामा?"

मामाने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"महिनाभर तिचं पोट दुखतंय. पाण्याने की कशाने, ते डॉक्टर सांगतील. पण तू तिच्या उशाशी बसून वय झालं म्हणालास. तुझ्या घरी कॅन जात होते, तिच्यासाठी एक बाटली सुचली नाही तुला?"

"चिमणे, तुला बघायला मी शिकवलं."

"शिकवलंस. आणि मी तुझं तोंडच बघत राहिले."

तिने पंपवाल्याला गावाचा पुरवठा बंद करायला सांगितलं. पंप थांबले. पोलीस मामाला घेऊन निघाले तेव्हा तिने घरी फोन लावला.

"आई, नळाचं पाणी पिऊ नकोस. अजिबात नको. ते खराब आहे."

"काहीतरीच काय," आई म्हणाली. "थांब, तुझ्या मामाला विचारते. पाण्यातलं त्याला कळतं."